मुलांची पहिली जुनी गाडी: नाशिकमध्ये घेताना काय बघावं

सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना जुन्या गाडीचं वेड लागलं की घरात आजोबा खूश होतात आणि आई काळजीत पडते. दोघांचंही बरोबर असतं. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० मुलांना जे शिकवते ते नव्या गाडीत शिकायला मिळत नाही. पण याच गाड्यांमध्ये एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही आणि बऱ्याच गाड्यांना सीटबेल्टसुद्धा नाही.

भाचीसाठी अशी गाडी शोधताना नाशिकरोड, सिन्नर, निफाड, मालेगाव असं बरंच फिरणं झालं. गॅरेजवाले, विकणारे, आरटीओतली टेबलं, विमा एजंट या सगळ्यांकडून माहिती तुकड्या-तुकड्यांत मिळत गेली. ती एका जागी असावी, म्हणून हे लिहितोय.

पहिली जुनी गाडी रंगरूपावर भाळून घेऊ नका. ती नीट थांबते का, आणि बंद पडली तर नाशिकमध्ये तिला हात लावणारा माणूस आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा. शक्य असेल तर गाडी अठरा पूर्ण व्हायच्या आधीच घरात आणा. सोळाव्या-सतराव्या वर्षी हातात पाना द्यायचा, स्टिअरिंग अठरा झाल्यावर.

१. वय आणि लायसन्स

चारचाकीच्या लायसन्ससाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘कॉलनीतल्या कॉलनीत एक चक्कर’ यालाही सूट नाही. कॉलनीतला रस्ताही सार्वजनिकच असतो.

अठरा पूर्ण झाले की सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. ते ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. शिकताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी लागते आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला असावा लागतो.

चालवायला शिकवणं मात्र जुन्या गाडीवर सुरू करू नका. ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या, नव्या गाडीवर शिकू द्या आणि पेठ रोडच्या आरटीओत परीक्षाही त्याच गाडीवर देऊ द्या. रस्ता वाचता यायला लागला, आरसे बघायची सवय लागली, की मग जुनी गाडी. एकाच वेळी रहदारीही शिकायची आणि स्टिअरिंगवरचा गिअरही शोधायचा, हे ओझं नवशिक्यावर टाकू नये.

२. गाडी कशासाठी, ते घरात बसून ठरवा

रोज कॉलेजला नेण्यासाठी जुनी गाडी नको, हे मी ठामपणे सांगतो. सकाळी साडेनऊला मुंबई नाका किंवा द्वारका सर्कलवर चारही बाजूंनी रिक्षा आणि दुचाकी घुसत असतात. तिथे ड्रम ब्रेकच्या (जुन्या पद्धतीच्या, कमी पकडीच्या ब्रेकच्या) गाडीत नवशिका चालक बसवणं धोक्याचं आहे. ही गाडी रविवार सकाळची, उघडीपीच्या दिवसांची, घरातलं कुणीतरी शेजारी बसलेल्या फेऱ्यांची. हे आधीच मान्य झालं तर पुढचे वाद टळतात.

पैशांचंही तेव्हाच बोलून घ्या. जेवढ्याला गाडी घ्याल, साधारण तेवढीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. टायर, ब्रेक, वायरिंग, रेडिएटर, बॅटरी यांतलं काही ना काही निघतंच. गाडी उभी करायला छप्पर हवं. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहत असाल तर पक्कंच हवं. त्या पावसात उघड्यावर उभी राहिलेली जुनी गाडी एका पावसाळ्यात पत्रा सोडायला लागते.

आणि गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. स्कॅनर लावून दोष सांगणारे गॅरेज आता चौकाचौकात आहेत, पण कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून त्याची बारीक छिद्रं, म्हणजे जेट, साफ करणारे आणि ठिणगीसाठीच्या सीबी पॉइंटचा गॅप फीलर गेजच्या पातळ पट्टीने लावणारे हात कमी राहिलेत. द्वारका, मुंबई नाका, सातपूर भागातल्या जुन्या गॅरेजमध्ये चौकशी करा. पन्नाशी-साठी ओलांडलेले मिस्त्री भेटतील. त्यांना एकच विचारा, “काका, माझी पोरगी शनिवारी येऊन तुमच्या हाताखाली काम शिकेल, चालेल का?” जो हो म्हणेल त्याला धरून ठेवा. आमच्या मिस्त्रींनी होकार दिला तो एका अटीवर, “ओढणी आणि बांगड्या घरी ठेवून यायचं, फॅनबेल्ट कुणाला ओळखत नाही.”

३. ‘विंटेज’ नोंदणीच्या मोहात पडू नका

बोलताना आपण सगळ्याच जुन्या गाड्यांना विंटेज म्हणतो. कायद्यात तसं नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं.

यातली मुख्य गोष्ट विकणारे सांगत नाहीत. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच परवानगी आहे. रविवारी गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी चालू असलेली गाडी घ्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणीत पास झाली की दर वेळी ५ वर्षं वाढते. दिल्लीतल्या १०-१५ वर्षांवरच्या गाड्यांच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका, तो नियम नाशिकला लागू नाही.

४. कोणती गाडी?

इथे घाई करू नका. मुलांच्या डोक्यात एक फोटो असतो आणि आपल्या डोक्यात आठवणी. दोन्ही थोडं बाजूला ठेवून बघा.

*प्रीमियर पद्मिनी.* मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून बनत होती, १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडीचं काम शिकायला माझं मत हिलाच. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं: डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, फ्युएल पंप. मुलांना प्रत्येक भागावर बोट ठेवून काम समजावता येतं. भाग अजून मिळतात. नाशिकमध्ये नाही मिळाला तर मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. जुन्या मॉडेलला स्टिअरिंगवरचा गिअर, शेवटच्या काळातल्या काहींना खालचा गिअर. नवशिक्यासाठी खालचा गिअर सोपा, पण शिकायला मजा स्टिअरिंगवरच्या गिअरची.

पद्मिनीतला मोठा सापळा म्हणजे टॅक्सी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, पण त्याआधीच्या वर्षांत रंग बदलून खासगी झालेल्या गाड्याही विकायला येतात. छताच्या आतल्या कापडाखाली, दरवाज्याच्या बिजागरीजवळ किंवा डिकीच्या रबराखाली काळा-पिवळा रंग डोकावतो का बघा. डिकीत गॅसच्या टाकीची भोकं आणि कापलेला पत्रा दिसला तर ती गाडी सोडून द्या.

*हिंदुस्थान अ‍ॅम्बेसेडर.* मूळ ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनली. जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, नव्वदीत इसुझूचं १.८ लिटर आणि पाच गिअर आले. पत्रा जाड, बसायला ऐसपैस. पण वजन भरपूर आणि बहुतेकींना चारही चाकांना ड्रम ब्रेक. बारीक चणीच्या मुला-मुलींना पार्किंगमध्ये स्टिअरिंग ओढताना दम लागतो. घ्यायची असेल तर इसुझूवाली बघा, चालवायला बरीच सोपी आहे. सरकारी लिलावातून आलेल्या अ‍ॅम्बेसेडरचे कागद मात्र दोनदा तपासा.

*मारुती ८००.* डिसेंबर १९८३ मध्ये आली, १९८६ ला आकार बदलला, २०१४ च्या सुरुवातीला बंद झाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. काही मंडळी हिला क्लासिक मानायला तयार नसतात. माझ्या मते ऐंशीच्या दशकातली नीट राखलेली ८०० ही किशोरवयीन चालकासाठी या यादीतली सगळ्यात समजूतदार निवड आहे. १९८६ नंतरच्या आकाराच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहेत, क्लच हलका, भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. उणीव एकच आणि ती मोठी आहे. पत्रा अगदी पातळ, धडक सोसायची ताकद फार कमी. म्हणून महामार्ग टाळायचा.

*जीप.* सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे असेल, पण नाशिककरांचा जीपवर जीव आहे. मुलांना तीच हवी असते. पहिली गाडी म्हणून देऊ नका. उघडं छत, उंच बांधणी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं कमी अंतर, आणि वळणावर वेग जास्त झाला तर उलटायची भीती. शिवाय बाजारातल्या निम्म्याहून जास्त जीप कापून-जोडून सजवलेल्या वाटतात. चेसिस एकीचं, इंजिन दुसरीचं आणि आरसी (नोंदणीचं पुस्तक) तिसरीची असा प्रकार पकडला गेला तर गाडी जप्तच होते.

*कॉन्टेसा, हेराल्ड, बीटल.* कॉन्टेसा देखणी आहे, पण जड आहे, पेट्रोल पिते आणि काचा, लाइट, रबरं मिळवताना वर्ष जातं. स्टँडर्ड हेराल्ड आणि जुनी बीटल यांच्या मागच्या चाकांची रचना अशी, की वळणात अचानक पाय उचलला तर मागचं चाक आत दुमडून गाडी फिरू शकते. अनुभवी हाताला ते सांभाळता येतं, नवशिक्याला नाही. या गाड्या दुसरी किंवा तिसरी म्हणून घ्या.

५. गाडी बघायच्या आधी कागद बघा

विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि तो येईपर्यंत घरातून निघू नका. गाडी एकदा डोळ्यांना आवडली की कागदातली खोट दिसेनाशी होते. आरसीवर हे बघा:

- मालकाचं नाव विकणाऱ्याचंच आहे का
- नोंदणीची मुदत संपली आहे का
- गाडी खासगी आहे की व्यावसायिक
- इंधन पेट्रोलच लिहिलंय का. गॅस किट असेल तर नोंद आहे का
- कर्जाचा बोजा राहिला आहे का. बँक बुडालेली किंवा विलीन झालेली असली तरी बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतंच
- रंग आरसीवर लिहिलाय तोच आहे का

नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टाकून बघा, थकीत ई-चलानही बघा. नाशिकच्या एमएच-१५ मालिकेच्या आधीचे जुने नंबर ऑनलाइन दिसतच नाहीत, असं बऱ्याचदा होतं. याचा अर्थ गाडी चोरीची असा नाही. जुनी नोंद संगणकावर चढलेली नसते. ती चढवून घ्यायला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि मूळ आरसी पुस्तकाशिवाय ती होत नाही. हे काम विकणाऱ्याने करून द्यावं, अशी अट घाला. “नंतर करून देतो” यावर पूर्ण पैसे देऊ नका.

आपल्या भागात सगळ्यात जास्त भेटणारी अडचण वारसाची. गाडी वाड्यात उभी, मालक वारलेले, विकायला आलेला नातू किंवा पुतण्या. अशा वेळी आधी गाडी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढली पाहिजे. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. मृत माणसाच्या नावाने कुणीतरी सही केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९-३० देऊ पाहणारे एजंट भेटतील. ती खोटी सही आहे, आणि गाडीला अपघात झाला की तो कागद तुमच्याच अंगाशी येतो.

६. बघायला जाताना

सोबत न्या: चांगला टॉर्च, फ्रिजवरचा लोहचुंबक, मऊ फडकं, लहान आरसा, टायर प्रेशर गेज, जुनी चटई, कोरा कागद आणि पेन्सिल. मिस्त्रींना त्यांची रोजची मजुरी देऊन घेऊन जा. मुलांनाही न्या, पण विकणाऱ्यासमोर “मला हीच पाहिजे” म्हणायचं नाही, हे आधी बजावून ठेवा.

फोनवर सांगा, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” थंड इंजिन खरं बोलतं. सिन्नरजवळच्या एका गावात आम्ही पोचलो तेव्हा गाडी झाकून ठेवली होती, विकणारा म्हणाला महिनाभर हात लावलेला नाही. भाचीने कव्हर सरकवायच्या निमित्ताने बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पत्रा गरम होता, आणि ऊन अजून त्या भिंतीवर आलंही नव्हतं. तिथून आम्ही चहा पिऊन निघालो.

पत्र्यापासून सुरुवात करा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, हेडलाइटभोवतीचा भाग यांवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, पण दाराखालच्या उंबऱ्यात भरलेली असेल तर ती गाडीच्या ताकदीची जागा आहे. मग चटई टाकून खाली झोपा. आमचे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने फ्लोअरवर ठोकत जातात. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसतो, ठक-ठक, आणि मुठीबरोबर गंजाचा भुगा तोंडावर पडतो. त्यांनी भाचीला डोळे मिटून आवाज ओळखायला लावला. अर्ध्या तासात तिला ड्रायव्हरच्या पायाखालची कुजकी जागा नुसत्या कानाने सापडली.

पायाखालचा कार्पेट उचला, डिकीतलं स्टेपनीखालचं रबर उचला. पाणी साचल्याच्या खुणा दिसतात का? गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघतात. त्या पुरात गोदाघाटावर उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे स्वस्तात विकल्या जातात. सीटच्या खालच्या स्प्रिंगांवर सुकलेला गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, डॅशबोर्डमागच्या वायरींवर हिरवट बुरशी, यांतलं काहीही दिसलं तर किंमत कितीही कमी असो, नको म्हणा.

आता इंजिन. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाणी दुधाळ चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केट गेलंय. ऑइलच्या झाकणाखालीही तसाच पांढरट चिकटा बघा. मग चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) ओढून सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा आणि थांबायचं नाव न घेणारा म्हणजे पाणी आत शिरतंय. काळा धूर स्वस्तात सुटतो, निळा आणि पांढरा नाही.

चेसिस नंबरवर कोरा कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी जुळवा. आकडे ओबडधोबड किंवा एका रेषेत नसतील, भोवती वेल्डिंगच्या खुणा असतील, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

टायरवर नक्षी चांगली दिसली म्हणून समाधान मानू नका. कडेला लहान चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर न झिजताही आतून सुकलेला असतो. पद्मिनीला ५.२०-१४, अ‍ॅम्बेसेडरला ५.९०-१५ अशी मापं लागतात. ती प्रत्येक दुकानात नसतात, आधी चौकशी करा.

७. चालवून बघा

चालवायची मिस्त्रींनी किंवा तुम्ही. मुलांनी मागे बसून ऐकायचं.

रिकाम्या रस्त्यावर ताशी ३०-४० ला ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का? मग उभ्या गाडीत पेडल दाबून एक मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग) गळतोय. जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांचा ब्रेक बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून हँडब्रेक चढावावर लावून बघायचाच. स्टिअरिंग सरळ धरून थोडं हलवलं तर चाकं वळायच्या आधी किती फिरतं, तेही बघा. दोन बोटांइतका मोकळेपणा चालेल, मूठभर नाही.

८. घरी आणल्यावर, रस्त्यावर नेण्याआधी

धुवून-पुसून फोटो काढायची घाई सगळ्यांना असते. त्याआधी ही कामं, याच क्रमाने.

ब्रेक पूर्ण उघडा. व्हील सिलिंडरची रबरं, होज पाइप, ऑइल सगळं नवं. यात मुलांना सोबत घ्या. ज्याने स्वतः ब्रेक ड्रम उघडून लायनर बघितलं आहे तो पुढच्या गाडीला चिकटून चालवत नाही.

सीटबेल्ट. पुढच्या सीटला बेल्ट आपल्याकडे १९९४ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या गाड्यांना नसतील. मधल्या खांबाला आणि फ्लोअरला आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून तीन टोकांचे बेल्ट बसवता येतात. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारलेला बेल्ट झटक्यात पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून आतली पट्टी स्वतः डोळ्यांनी बघा. बेल्ट नसताना गाडी मुलांच्या हातात देऊ नका.

पेट्रोलच्या नळ्या. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकायला लागतं. सगळ्या नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी घाला, टाकी आतून गंजलेली असेल तर साफ करून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल फार जुनं होऊ देऊ नका. ड्रायव्हरच्या हाताशी लहान अग्निशामक ठेवा आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा.

वायरिंगमध्ये जोड दिसले तर टेप गुंडाळत बसू नका, नवा हार्नेस (वायरींचा पूर्ण संच) घाला. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि वायपर चालू हवेत.

रुंद टायर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, दुसऱ्या गाडीचं इंजिन, हे मागितलं जाणारच. कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत आणि विमा कंपनीही दावा नाकारू शकते. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या.

९. नावावर करणं, विमा, नंबर प्लेट

गाडी पालकांच्या नावावर घ्या. लागणारे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
- मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा फॉर्म २५, आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते
- पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो, चेसिस नंबरची पेन्सिल छाप

घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये एकदम वाढलं आणि २० वर्षांवरच्यांसाठी त्यानंतर आणखी वाढलं आहे. त्यात पर्यावरण करही धरा. व्यवहार ठरवायच्या आधी पोर्टलवर त्या दिवसाचा आकडा बघून तो किमतीतून वजा करून बोला. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथला रोड टॅक्स भरल्यावर ती तेवढी स्वस्त राहत नाही.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणं सक्तीचं आहे. जुन्या हाताने रंगवलेल्या पाटीवर जीव असेल तर ती घरात भिंतीवर लावा.

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो: १००० पर्यंत एक गट, १५०० पर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. म्हणून ८०० चा हप्ता सर्वांत कमी, पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बेसेडर मधल्या गटात, इसुझूवाली सगळ्यात वर. पूर्ण विमा घेताना गाडीची किंमत आधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी तिला भंगाराचा भाव लावतात. चालक नवशिका आहे हे एजंटला सांगा, लपवू नका.

१०. पहिल्या वर्षाचे रस्ते

सुरुवात गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे, धरणाच्या दिशेने, सकाळी सातच्या आत. नंतर त्र्यंबक रोड. उड्डाणपूल आणि मुंबई-आग्रा महामार्ग पहिले काही महिने नाही. रात्री नाही. मागच्या सीटवर मित्रमंडळी भरून तर नाहीच. शेजारी मित्र बसले की मुलांचा पाय जड होतो. सिंहस्थाच्या गर्दीच्या दिवसांत गाडी झाकून ठेवा. त्या दिवसांत रस्ते कधी बंद होतील आणि गाडी कुठे अडकून तापेल याचा नेम नसतो.

शिकवायच्या सवयी: पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. जुन्या पद्मिनीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी यंत्रणा) नसतो, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा. टेंपरेचरचा काटा दर काही मिनिटांनी बघायचा, आणि गाडी तापली तर बाजूला घेऊन बंद करायची. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही, वाफेने चेहरा भाजतो.

घाट सगळ्यात शेवटी. कसारा किंवा सप्तशृंगीचा नांदुरी घाट उतरताना ड्रम ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, वेग इंजिनने धरायचा आणि ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून लावायचा. हे मुलांना आधी सिन्नरच्या छोट्या घाटात, तुम्ही शेजारी बसून दाखवा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. पुढे जाताना हलक्या पायाने ब्रेक दाबून ते वाळवायचे आणि मगच वेग घ्यायचा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून बोचरी थंडी येते तेव्हा गाडी एका सेल्फमध्ये सुरू होत नाही. चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच दाबून सोडायचा आणि सेल्फ पाच सेकंदांहून जास्त मारायचा नाही. सुरू झाली की चोक हळूहळू आत. पेट्रोलचा वास यायला लागला तर इंजिन फ्लड झालंय. चोक आत ढकलून दहा मिनिटं थांबायचं आणि मग पाय पूर्ण दाबून सेल्फ मारायचा.